ओठ हलवत वाचलेली चिठ्ठी

१

बाई सापडल्या त्या दुपारी तीन वाजता. छापखाना त्यांचाच, वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती, तिथे लोखंडी टेबलाच्या कोपऱ्याशी त्या पडल्या होत्या. एक चप्पल पायात, दुसरी दाराजवळ. प्रुफं दाखवायला वर गेलेले मास्तर ओरडत खाली आले, पण खाली ट्रेडल मशीन धडधडत होतं, त्यामुळे त्यांचं ओरडणं कुणाला ऐकूच गेलं नाही. शेवटी त्यांनी मशीनमनच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मशीन थांबलं.

ह्याला अकरा वर्षं झाली. खटला मी चालवला. मी तेव्हा सरकारी वकील होतो आणि स्वतःच्या आवाजावर माझं भारी प्रेम होतं.

आरोपी होता मशीनमन. त्या दिवशी बारा वाजता त्याचं आणि बाईंचं कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि वरच्या दाराच्या चौकटीवर त्याच्या शाईने माखलेल्या हाताचा ठसा होता. बाई गेल्या अडीचच्या सुमाराला, असं डॉक्टर म्हणाले. त्या वेळी इमारतीत, माझ्या म्हणण्याप्रमाणे, तिघंच होते: मशीनमन, मास्तर आणि बाइंडर. मॅनेजर दोन वाजताच कागदवाल्याकडे गेला होता. कागदवाल्याचं दुकान त्या दिवशी बंद असल्यामुळे तो हात हलवत परत आला, असं त्याने शपथेवर सांगितलं आणि मी ते मुकाट्याने गिळलं.

बाइंडर मात्र उलटं सांगत होता. बचावाकडे तेवढा एकच साक्षीदार. तो म्हणाला, "मशीन थांबलं नाही साहेब. कागद हाताने लावावा लागतो त्याला. माणूस बाजूला झाला की रिकामं चालतं, आवाज पोकळ येतो. त्या दिवशी आवाज भरलेला होता." आणि पुढे, "मॅनेजरसाहेब गेले नव्हते. अडीचनंतर जिन्यावरून उतरताना मी बघितले, माझ्या खोलीच्या काचेतून."

ह्यावर माझ्याकडे एक चिठ्ठी होती. 'कागद आणायला जातो. चारपर्यंत येतो.' मॅनेजरच्या हातची. मशीनच्या आवाजात बोलून उपयोग नाही म्हणून जाताना ती आपण बाइंडरच्या हातात दिली, त्याने वाचली, मान हलवली आणि खिशात टाकली, असं मॅनेजर म्हणाला होता. पोलिसांना ती बाइंडरच्या एप्रनच्या खिशातच सापडली. बाइंडर म्हणत राहिला, "मला कुणी चिठ्ठी दिली नाही."

मग मी ठेवणीतला कागद काढला. त्याच्या अठरा वर्षं आधीचा. शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची खोटी सही केल्याबद्दल बाइंडरला झालेली शिक्षा आणि त्याचा स्वतःचा कबुलीजबाब.

"हे काय आहे? वाचा मोठ्याने," मी म्हणालो.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच वाचा साहेब."

कोर्टात हशा पिकला. मी चवीचवीने वाचलं. "हा गुन्हा तुम्ही केलात?" "हो." मी न्यायाधीशांकडे वळलो आणि ते वाक्य टाकलं, जे दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटीत आलं: "ज्याने दुसऱ्याचं नाव चोरलं, त्याच्या शब्दावर आपण एका बाईचा खुनी सोडून द्यायचा?"

जुनी शिक्षा साक्षीदाराची पारख करताना ध्यानात घ्यावी, इतकंच कायदा म्हणतो. ध्यानात घ्यावी म्हणजे बाकीचं सगळं खिडकीबाहेर टाकावं, असं तो म्हणत नाही. मी मात्र टाकायला लावलं. मशीनमनला जन्मठेप झाली आणि मी घरी जाऊन शांत झोपलो.

सहा महिन्यांपूर्वी माझी भाची आली. तीही वकील, पण माझ्यासारखी बोलघेवडी नाही. तिने तो खटला टेबलावर ठेवला आणि चपला न काढताच म्हणाली, "मामा, चुकीचा माणूस आत आहे. आणि बहुतेक तो तुम्ही घातलाय."

२

मी चिडलो. चिडलो ते ती चुकीचं बोलली म्हणून नव्हे. तो बाइंडर कधीकधी मला उगाचच आठवायचा, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"नवीन काय सापडलंय?" मी विचारलं.

"काही नाही. जुनंच नीट वाचलं. तुम्ही चला माझ्याबरोबर."

आम्ही तुरुंगात गेलो. जाळीपलीकडे मशीनमन बसला होता. केस पांढरे, हात स्वच्छ. मला त्याने ओळखलं नाही. कोर्टातला काळा कोट नसला की मी अगदी कुणीही म्हातारा दिसतो.

भाचीने विचारलं, "बारा वाजता कशावरून भांडलात?"

"बाईंना छापखाना माझ्यावर सोपवायचा होता, ताई. मॅनेजरला काढणार होत्या. मी म्हणालो, मला हे ऑफिसचं झेंगट नको, मी मशीनवर बरा. त्या म्हणाल्या, तू गाढव आहेस. मी म्हणालो, गाढव तर गाढव, आणि शाईचा हात चौकटीवर आपटून खाली आलो." तो थोडंसं हसला. "कोर्टात सांगितलं मी हे. सरकारी वकील म्हणाले, मेलेल्या बाईच्या तोंडी काहीही घालता येतं."

मी जाळीकडे बघत बसलो. ते वाक्यही माझंच होतं.

"आणि ती चिठ्ठी?" भाची म्हणाली. "तुम्ही लोक एकमेकांना चिठ्ठ्या द्यायचात का?"

"मास्तरांना द्यायचो कधीतरी. बाइंडरला कशाला? त्याचं आमचं सगळं हातवाऱ्यांवर. एक मूठ म्हणजे गठ्ठा तयार, दोन बोटं म्हणजे चहा, कानाला हात म्हणजे बाई चिडल्यात."

"कोणीच नाही दिली त्याला चिठ्ठी? कधीच?"

तो विचारात पडला. "माझे हात शाईचे, मी कशाला लिहायला जातो? पण आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एकदा बाईंनी मला चिठ्ठी दिली होती, बाइंडरला दे म्हणून. मी दिली. तो ती घेऊन मास्तरांकडे गेला. मला वाटलं, बाईंचं अक्षर लागत नसेल."

परतताना मी म्हणालो, "बाईंचं अक्षर वाईट असेल."

भाचीने बाईंच्या अक्षराचा कागद माझ्यापुढे धरला. मोत्यासारखं अक्षर होतं.

३

मास्तर आता मुलीकडे राहतात. नव्वदीला टेकलेत, एका कानाने ठार बहिरे, पण कुठलाही छापील कागद समोर आला की बोट अजून ऱ्हस्व-दीर्घावर जाऊन थांबतं. भाचीचं कार्ड त्यांनी हातात घेतलं आणि त्यातली एक चूक आधी दाखवली.

"बाइंडर कसा होता?" तिने मोठ्याने विचारलं.

"देवमाणूस! पुस्तक बांधावं तर त्याने. पाण्यात टाकलंत तरी पान सुटायचं नाही. पण एकदा काय केलंन पठ्ठ्याने!" मास्तर हसायला लागले, ते हसतच राहिले. त्यांच्या मुलीने पाणी आणून दिलं. "एका कवीचा संग्रह होता, विरहाच्या कविता. आणि त्याच आठवड्यात गुरांच्या रोगांवरची पुस्तिका. दोन्हींची कव्हरं निळी, मापही एकच. ह्याने तीनशे प्रती उलट्यापालट्या चिकटवल्या! आत विरह, बाहेर 'लाळ्या-खुरकत: लक्षणे व उपाय'. कवी रडायचा बाकी राहिला."

मीही हसलो. खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी एवढा हसलो.

भाची हसली नाही. तिने विचारलं, "तीनशे प्रतींपैकी एकावरही त्याच्या लक्षात आलं नाही?"

"कामाच्या नादात होतं असं." मास्तर थांबले. त्यांचं बोट टेबलावर हलायचं बंद झालं. "नाही पण. एक, दोन, दहा चुकतील. तीनशे? अक्षरं केवढी मोठी होती ती."

"चिठ्ठी आली की तो तुमच्याकडे का यायचा?"

"चष्मा विसरलोय म्हणायचा." मास्तर आमच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी त्याला चष्मा लावलेला कधी पाहिला नाही."

४

एव्हाना मला अंदाज आला होता. पण अंदाज आला असं कबूल केलं तर पुढचंही कबूल करावं लागलं असतं, म्हणून मी गप्प राहिलो.

मॅनेजर आता छापखान्याचा मालक आहे. बाईंचा दूरचा पुतण्या होता, त्याने सगळं ह्यालाच विकून टाकलं. ट्रेडल गेलं, तिथे संगणक आलेत. वरच्या खोलीत तो बसतो. टेबल बदललंय. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"या या वकीलसाहेब! तुमचं ते भाषण अजून आठवतं मला. काय झोडलंत त्या फोरजरीवाल्याला!"

त्याने चहा मागवला. भाचीने नम्रपणे सांगितलं की फेरसुनावणीचा अर्ज आलाय, जुने जबाब एकदा ताडून बघायचेत, बस. तो निर्धास्त होता. अकरा वर्षं कुणी शंका घेतली नाही की माणूस आपल्या खोट्याला मुलासारखा लाडावून ठेवतो.

"चिठ्ठी तुम्ही टेबलावर ठेवलीत की हातात दिलीत?"

"हातात. मी पक्का माणूस आहे, टेबलावर ठेवली असती तर म्हणाला असता, दिसली नाही."

"त्याने वाचली? की न वाचताच खिशात टाकली?"

"वाचली की! माझ्यासमोर वाचली. मी उभा होतो ना." तो पुढे झुकला. "आत्ता डोळ्यांसमोर आहे. ओठ हलवत वाचली, शाळेतल्या पोरासारखी. मग मान हलवली."

"ओठ हलवत," भाचीने लिहून घेतलं. "इथे सही करता?"

त्याने ऐटीत सही केली आणि खाली दोन ठिपके दिले.

जिना उतरताना भाची म्हणाली, "मामा, कोर्टात तुम्ही तो कबुलीजबाब नाचवलात ना, त्याची प्रत तुमच्याकडे असेल?"

असेल कशी नाही. पेपरातल्या चौकटीसकट मी ती वहीत चिकटवून ठेवली होती.

५

वही माळ्यावर होती. मी ती खाली काढली, धूळ झटकली. पेपरातला माझा फोटो, बोट वर केलेला. त्याखाली तो कागद. 'मी स्वखुशीने कबूल करतो की सदर दाखल्यावरील मुख्याध्यापकांची सही मी माझ्या हाताने केली आहे.'

मी तो किती वेळा वाचला असेन! खटल्याच्या आदल्या दिवशी आरशासमोर उभा राहून वाचला होता. पण नेहमी 'केली आहे' पर्यंत. माझं काम तिथेच संपायचं.

भाचीने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

तिथे निळ्या शाईचा एक ठसा होता. शेजारी कारकुनाच्या बारीक अक्षरात: 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा.'

ज्या माणसाने मुख्याध्यापकांच्या वळणदार सहीची नक्कल केली म्हणून शिक्षा भोगली, त्याला त्या कबुलीवर स्वतःची सही करता आली नव्हती. तो कागद मी भर कोर्टात हातात धरून नाचवला, त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, वाचा मोठ्याने.

"पुस्तकांत काम करणारा माणूस," भाची म्हणाली, "त्याला वाचता येत असणारच, असं मॅनेजरने धरलं. तो नवा होता, वर बसायचा, खालच्यांशी फारसा बोलायचा नाही. पळताना नाहीतर परत आल्यावर त्याने चिठ्ठी खुंटीवरच्या एप्रनच्या खिशात सरकवली, आणि ती वाचल्याचा देखावा मनाने रचला. तेवढा देखावा त्याने रचला नसता तर तो कधीच सापडला नसता."

"मीसुद्धा तेच धरलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. मामा म्हणून सुद्धा तिने मला सूट दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

पण एक गोष्ट उरत होती. वाचता येत नाही, एवढं एक वाक्य बाइंडर कोर्टात बोलला असता तर मशीनमन त्याच दिवशी सुटला असता. तो का बोलला नाही?

६

बाइंडर एका खोलीत एकटा राहतो. खळीचा वास अजून येतो तिथे. शेजारपाजारच्या मुलांच्या फाटक्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा कोपऱ्यात होता, तो ती बांधून देतो. मला त्याने दारातच ओळखलं.

"बसा साहेब," एवढंच म्हणाला.

भाचीने त्याच्यापुढे अंगठ्याचा कागद ठेवला. त्याने तो अक्षरांवरून नाही, ठशावरून ओळखला.

"काका, सही कोणी केली होती?"

त्याने ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दादाने. त्याला शाळेत नोकरी मिळत होती, दाखला कमी पडत होता. कोरा दाखला मी आणून दिला कामावरून, आमच्याकडेच छापायचे ते. तेवढा गुन्हा माझा खरा. पकडलं तेव्हा दादाला दोन लेकरं होती. मी एकटा. मी म्हणालो, मी केलं, दादाला काही ठाऊक नाही."

"आणि सगळ्यांनी ते मानलं?"

"लगेच. गुन्हा कबूल करणाऱ्याला कोण विचारतं, तुला लिहिता येतं का म्हणून?" तो स्वतःशीच हसला. "आत गेल्यावर एका कैद्याने माझं नाव गिरवायला शिकवलं. तेवढंच काढतो, सही म्हणून. बाकी अक्षर येत नाही. आकडे येतात, त्यावर पानं लावतो."

"मग बाईंच्या खटल्यात का बोलला नाहीत?" हे मी विचारलं.

"बोललो असतो तर तुम्हीच विचारलं असतं, मग सही कोणाची? दादा तेव्हा शाळेत नोकरीला होता. मुलीचं लग्न ठरलं होतं. मला वाटलं, मशीनचा आवाज सांगतो, जिन्यावर बघितलं ते सांगतो. खरंच सांगतोय, पुरेल तेवढं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "पुरलं नाही."

"दादा आता कुठे आहेत?" भाचीने विचारलं.

"गेला. दोन वर्षं झाली. त्याचं दिवसकार्य उरकलं आणि मी कोर्टात गेलो. म्हटलं, आता सांगून टाकू. खिडकीवरचा माणूस म्हणाला, असं तोंडी चालत नाही, अर्ज लिहून आणा." त्याने हात झटकले. "बाहेर बाकावर बसलो संध्याकाळपर्यंत. कुणाला सांगावं, लिहून दे म्हणून? सगळी हयात पुस्तकं बांधण्यात गेली आणि एक अर्ज येत नाही, लाज वाटली. दोन वर्षं तो पोरगा माझ्या लाजेपायी आत राहिला, वकीलसाहेब. तुमच्यापायी नऊ."

मी त्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक उचललं आणि उगाच त्याची शिवण बघत बसलो.

७

फेरसुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. नवीन सरकारी वकील तरुण आहे, हुशार आहे, आवाज चांगला आहे. तो उठला आणि माझाच प्रश्न त्याने बाइंडरला विचारला. "खोट्या सहीबद्दल तुम्हाला शिक्षा झाली होती, खरं ना?"

"झाली होती. तेव्हा मी कोर्टात खोटं बोललो. त्यानंतर नाही."

"आज वाचता येत नाही म्हणता. कशावरून हे सोंग नाही?"

भाची उठली. तिने अंगठ्याचा कागद पुढे केला. "बाईंच्या खुनाच्या अठरा वर्षं आधीचा आहे हा. एवढ्या आधीपासून कुणी सोंग तयार ठेवत नाही. ह्या माणसाने ओठ हलवत चिठ्ठी वाचली, असं मॅनेजरने सही करून दिलंय. जे ह्याला वाचताच येत नाही ते ह्याने वाचताना मॅनेजरने पाहिलं. मग मॅनेजर दोन वाजता बाहेर होता, हेही त्याच डोळ्यांनी पाहिलेलं आहे."

मॅनेजरला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. त्याने आधी चिडून पाहिलं, मग पाणी मागितलं, मग म्हणाला की बाई त्याला काढणार होत्या, तो फक्त त्यांचा हात धरायला गेला, त्या मागे पडल्या. फक्त, फक्त, असं तो बराच वेळ म्हणत राहिला.

मशीनमन सुटला. बाहेर पायरीवर उभा राहून तो आपल्या नखांकडे बघत होता. बाइंडर त्याच्यासमोर गेला. मशीनमनने मूठ वर केली. एक मूठ, गठ्ठा तयार. बाइंडर तिथेच पायरीवर बसला आणि रडला. माझी मात्र त्या दोघांच्या जवळ जायची हिंमत झाली नाही.

चार दिवसांनी मी बाइंडरकडे गेलो. माफी मागायची होती. वाटेत वाक्यं जुळवत होतो, जुनी खोड. त्याने मला बोलूच दिलं नाही.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते पेपरात आलं होतं म्हणतात. लोक सांगायचे, चौकटीत आलंय. मला काही कळलं नाही काय छापलंय ते. कुणाला वाचून दाखव म्हणायची सोय नव्हती. तुमच्याकडे आहे?"

वही माझ्या पिशवीत होती. का घेऊन गेलो होतो, देव जाणे.

"असू दे आता," मी म्हणालो.

"नाही. तुम्हीच वाचा साहेब."

अकरा वर्षांपूर्वीचं त्याचंच वाक्य. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मी चष्मा लावला आणि वाचलं. सगळं वाचलं. पेपरवाल्याने माझ्या आवाजाची केलेली तारीफ, कोर्टातला हशा, आणि शेवटी ते: ज्याने दुसऱ्याचं नाव चोरलं, त्याच्या शब्दावर आपण एका बाईचा खुनी सोडून द्यायचा? तो मान खाली घालून लक्ष देऊन ऐकत होता, एखादा निकाल ऐकावा तसा.

मी वही मिटली.

"चांगलं बोलला होतात," तो म्हणाला. "मी तिथे उभा होतो ना, मलासुद्धा क्षणभर वाटलं, ह्या माणसावर काही विश्वास ठेवू नये."

मग त्याने माझ्या हातातून ती वही घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला की हिची पाठ सुटत आलीय, दोन दिवस ठेवून जा, बांधून देतो.